वाचनालयात स्वयंसेवक कॉम्प्युटर शिकवणार आहेत? या चुका टाळा

"आजी, सरका जरा. मी देतो करून."

वाचनालयातल्या कॉम्प्युटरच्या टेबलाशी हे वाक्य कानावर पडलं की समजायचं, वर्ग भरकटला. नाशिकमधल्या एका वाचनालयात स्वयंसेवकांकडून कॉम्प्युटर शिकवण्याचं काम मी काही वर्षं बघते आहे. आमच्याकडे चुका पुष्कळ झाल्या आणि बहुतेक उत्साहाच्या भरात झाल्या. तुमच्याकडे असा वर्ग सुरू होणार असेल, तर निदान या चुका तुम्ही परत करू नका.

माऊस स्वयंसेवकाच्या हातात जातो

पहिल्याच वर्षी नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आले. उभी हयात छपाईतली बारीकसारीक खोट शोधण्यात गेलेली. समोर बसलेल्या मुलाचं वय एकोणीस, आणि काका त्याला "सर" म्हणत होते. त्यांनी माऊस धरला आणि टेबलाच्या कडेपर्यंत नेला. पुढे जागा संपली. काका थांबले. पडद्यावरचा बाण अजून अर्ध्यावरच होता. माऊस उचलून परत मधे ठेवायचा, तोवर बाण जागचा हलत नाही, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती शिकवावी लागते हेच लक्षात येत नाही. मुलाच्याही आलं नाही. त्याने माऊस घेतला, पटापट तीन ठिकाणी क्लिक केलं आणि हवं ते पान उघडून दिलं. काकांनी हात मांडीवर घेतले. पुढच्या शनिवारी ते आले, पण वृत्तपत्रांच्या टेबलाशी बसले. मी विचारलं तर म्हणाले, "आपलं ते काम नाही, ताई."

चूक त्या मुलाची नव्हती. त्याला कॉम्प्युटर येत होता, म्हणून शिकवताही येईल असं मी धरून चालले होते. आता नव्या स्वयंसेवकाला आम्ही आधी तासभर नुसतं बसवून घेतो. नियम एकच: माऊस आणि कीबोर्डला शिकवणाऱ्याचा हात लागायचा नाही. त्याने शिकणाऱ्याच्या डावीकडे बसायचं, हातात पेन्सिल घ्यायची आणि पडद्यावर ती रोखून "इथे" म्हणायचं. मग थांबायचं. हे थांबणंच सगळ्यांत जड जातं. मनातल्या मनात दहा आकडे मोजायला सांगा, तेवढ्यात समोरच्याचं बोट बहुधा योग्य जागी पोचतं.

डबल क्लिक जमत नसेल तर त्यावर अर्धा तास घालवू नका. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करता येतो. तेही नको असेल तर एकदा क्लिक करून एंटर दाबायला शिकवा, काम तेच होतं. बाण मोठा करा, अक्षरं सव्वापट करा. माऊसचा सराव पत्त्यांच्या सॉलिटेअरवर उत्तम होतो. पान धरून ओढायचं आणि सोडायचं, हात कधी वळला ते कळतही नाही.

पहिल्या दिवशी "कॉम्प्युटर म्हणजे काय?"

इनपुट, आउटपुट, सीपीयू, मेमरी. मुलं शाळेत जे शिकली तेच फळ्यावर लिहितात. समोर बसलेल्या बाईंना मात्र शेताचा सातबारा बघायचा असतो, कोणाला रेल्वेचं तिकीट काढायचं असतं, कोणाला पुण्याच्या नातीशी व्हिडिओवर बोलायचं असतं. आल्या आल्या विचारा, "तुम्हाला काय करायचंय?" आणि तिथूनच सुरुवात करा. टायपिंग, शोधणं, खाली-वर सरकवणं, सगळं त्या एका कामाच्या ओघात येतं.

हे आठवडाभराच्या शिबिरात उरकेल, असंही समजू नका. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ मध्ये सुरू झालं, त्याचा अभ्यासक्रम २० तासांचा होता. आठवड्याला दीड तास धरला तर तीन महिन्यांहून जास्त लागतात. कॉलेजकडे मुलं मागताना म्हणून एका शिबिरासाठी मागू नका. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम करायचं असतं. त्यातला दर शनिवारचा ठरलेला तास आम्हाला द्या, असं प्राचार्यांना स्पष्ट सांगा.

नोव्हेंबरात बाकं भरलेली, स्वयंसेवक गायब

ही चूक आम्हाला फार महागात पडली. सरकारी पेन्शनरांनी हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. २०१४ मध्ये जीवन प्रमाण ही केंद्र सरकारची सोय सुरू झाल्यापासून तो ऑनलाइन देता येतो, आणि लोक तेच शिकायला येतात. नेमक्या त्याच दिवसांत मुलांची परीक्षा तरी असते नाहीतर दिवाळीची सुट्टी. पहिल्या वर्षी नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी बाकावर बारा पेन्शनर बसले होते, काही काठी टेकत आलेले. शिकवायला कोणी नाही. त्यांना परत पाठवताना मला फार लागलं.

आता सप्टेंबर-ऑक्टोबरातच तयारी होते आणि नोव्हेंबरसाठी वेगळी फळी असते: निवृत्त शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेले लोक. ऐंशी पार केलेल्या केंद्र सरकारच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, त्यांना आधी बोलवा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांची ईपीएस, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीकडची पेन्शन असेल, तर दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो. त्यांना नोव्हेंबरच्या गर्दीत कोंबू नका.

मोबाइलच्या कॅमेऱ्याला चेहरा दाखवून दाखला देताना दोन अडचणी हमखास येतात. एक, जीवन प्रमाणच्या ॲपबरोबर आधार फेस आरडी हे चेहरा ओळखणारं दुसरं ॲपही लागतं, आणि ते टाकायचं राहून जातं. दोन, माणूस खिडकीकडे पाठ करून बसतो, चेहऱ्यावर अंधार येतो आणि ॲप पुन्हा पुन्हा नाकारतं. त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवा.

निफाड-दिंडोरीकडच्या वाचनालयांचं वेळापत्रक तर द्राक्षबागेवर ठरतं. ऑक्टोबरच्या छाटणीत किंवा फेब्रुवारी-मार्चच्या काढणीत वर्ग लावाल तर कोणी फिरकणार नाही.

"ओटीपी सांगा ना, काकू"

मुलगा घाईत असतो, काकूंना मेसेज उघडता येत नाही, तो त्यांचा फोन घेतो आणि ओटीपी स्वतःच टाकतो. काम झटक्यात होतं. पण काकू त्यातून एवढंच शिकल्या की चांगला मुलगा असला की ओटीपी सांगायचा. उद्या फोनवर गोड बोलणारा दुसरा कोणीतरी असेल. आमच्याकडे म्हणून ओटीपी स्वयंसेवकाने बघायचाच नाही. शिकणाऱ्याने स्वतः वाचायचा, स्वतः टाकायचा, तोवर मुलाने मान दुसरीकडे वळवायची. वेळ लागतो, लागू द्या. बँकेचे व्यवहार वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर किंवा स्वयंसेवकाच्या फोनवर कधीच नाहीत. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही, आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करायचा, या दोन गोष्टी आम्ही प्रत्येकाकडून त्याच्या वहीत लिहून घेतो.

ओटीपी येतच नसेल तर नेटवर्कला दोष देण्याआधी विचारा, आधारला कोणता नंबर जोडलाय? बहुतेक वेळा तो पुण्यातल्या मुलाचा असतो, नाहीतर कधीच बंद पडलेल्या सिमचा. हे पहिल्याच भेटीत विचारून घेतलं तर पुढचे तीन शनिवार वाया जात नाहीत. नंबर बंद असेल तर आधार केंद्रात जाऊन नवा जोडून घ्यायला सांगा.

कॉम्प्युटर सगळ्यांचा असतो, याचा विसर पडणं त्याहून वाईट. एकदा संध्याकाळी आवराआवर करताना मी डाउनलोडचं फोल्डर उघडलं. आत अकरा जणांची आधार कार्डं होती. ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. शेजाऱ्यालाही ओळखता येईल असा! त्या दिवसापासून प्रत्येकाचं काम ब्राउझरच्या गेस्ट विंडोत होतं, ती बंद केली की ब्राउझर मागचं विसरतो. साध्या विंडोत ब्राउझर पासवर्ड जपून ठेवू का विचारतो, तिथे "नेव्हर" दाबायचं. उठण्याआधी लॉगआउट, डाउनलोड रिकामं, रिसायकल बिनही रिकामं, आणि बिघडलेली प्रिंट फाडून टाकलेली. हे शिकणाऱ्याच्याच हातून करून घ्या, उद्या तो सायबर कॅफेत बसला तरी त्याला उपयोगी पडेल.

मराठी टायपिंगचा गोंधळ

एक स्वयंसेवक इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी लिहायला शिकवतो, दुसरा इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी अक्षरांची स्वतःची कळमांडणी. शिकणारा दोन्हींत अडकतो. ज्याला इंग्रजी स्पेलिंग सुचत नाहीत, त्याला इनस्क्रिप्ट सोपं जातं, कारण स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. कोणाला काय शिकवायचं ते एकदा ठरवा आणि बदलू नका. जुन्या फॉन्टमधलं पत्र उघडल्यावर अगम्य अक्षरं दिसली तर कॉम्प्युटर बिघडलेला नसतो, पत्र युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना वाचता येणाऱ्या अक्षरांत नसतं.

वर्ग कोणाचाच नसतो

स्वयंसेवक आहेत म्हणून ग्रंथपाल दुसऱ्या कामाला लागतात आणि वर्ग पोरका होतो. प्रत्येक शनिवारी वेगळं मूल येतं आणि परत पहिल्यापासून सुरुवात करतं. वाचनालयातलं एक माणूस नावानिशी जबाबदार हवं. आम्ही प्रत्येक शिकणाऱ्याची एक वही ठेवली. आज काय जमलं, कुठे अडलं, एवढ्या दोन ओळी. पासवर्ड त्या वहीत कधीच नाही. नवा मुलगा आला की आधी वही वाचतो आणि मग "नमस्कार" म्हणतो.

नाशिकला सार्वजनिक वाचनालयाची परंपरा १८४० पासूनची आहे. पुस्तक आणि वाचक यांची गाठ घालून देणारं माणूस लागतं, हे या शहराला नव्याने सांगायला नको. कॉम्प्युटरलाही तसंच माणूस लागतं.

नोटप्रेसचे काका दीड महिन्याने परत टेबलाशी आले. मीच हाताला धरून आणलं. या वेळी मुलगा डावीकडे बसला, हातात पेन्सिल. त्या हिवाळ्यात एका आजींच्या फोनवर पेन्शन बंद होणार म्हणून मेसेज आला, खाली लिंक. आजी घाबरल्या होत्या. मुलगा काही बोलणार तेवढ्यात काकांनी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली, चष्मा वर सारला आणि पत्त्याच्या शेवटच्या अक्षरांवर टोक टेकवलं. "इथे बघा," ते म्हणाले, "जीओव्ही डॉट इन कुठाय? हे अस्सल नाही, हे नकली आहे."