‘दुर्लक्षित समाजगट’ या विषयावर प्रकल्प करताय? या चुका टाळा

कराड-वाळवा पट्ट्यात मानवी भूगोलाच्या प्रकल्पाला ऊसतोड कामगार हा विषय हमखास निघतो. पण सर्वेक्षण ठेवलं जातं मे महिन्यात. तोवर कारखान्यांचा पट्टा पडून, म्हणजे गाळप हंगाम संपून, टोळ्या बीडकडे परतलेल्या असतात, त्यांच्या कोप्यांच्या (झोपड्यांच्या) जागी नांगरट झालेली असते. डिसेंबर ते फेब्रुवारीत जा, तेही संध्याकाळी, फडावरून माणसं परतल्यावर. आणि मुकादमासमोर, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदारासमोर, प्रश्न विचारू नका. अंगावर उचल (आगाऊ घेतलेले पैसे) असलेली बाई त्याच्यादेखत मोकळं कसं बोलेल?

मोजणीतही चूक होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. कोयत्यांचा आकडा उतरवून घेतला की बाई वेगळी दिसत नाही, सोबतची पोरं आणि म्हातारी माणसं तर हिशेबातच येत नाहीत. घरटी माणसं मोजा. ‘स्थलांतरित आहात का?’ असं न विचारता आल्याची आणि परतण्याची तारीख विचारा. राष्ट्रीय नमुना पाहणीने 2007-08 मध्ये अल्पकालीन स्थलांतरित धरले ते एक महिना ते सहा महिन्यांच्या आत बाहेर राहिलेले. हंगाम लांबला की तोच माणूस या व्याख्येबाहेर जातो.

‘रेशन कार्ड आहे का?’ याला उत्तर ‘आहे’ असंच येणार. या महिन्यात धान्य कुठं उचललं, रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उठला का, हे विचारा. मतदान, रेशन, शाळा यांचे रकाने वेगळे ठेवा. कायद्याने मतदार म्हणून नाव एकाच मतदारसंघात असतं. 20 नोव्हेंबर 2024 चं विधानसभेचं मतदान गळीत हंगामाच्या तोंडावरच आलं होतं, म्हणून मत कुठं आणि दिलं का, हेही नोंदवा. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, तेव्हा ‘आधार आहे, म्हणजे नागरिक’ असा निष्कर्ष काढू नका.

प्रकल्प पालांवर राहणाऱ्या समाजांवर असेल, तर सगळ्यांना सरसकट ‘भटके’ लिहिणं ही मोठीच चूक. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात. कैकाडी साताऱ्या-सांगलीत विमुक्त जाती (इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेले, नंतर त्या शिक्क्यातून मुक्त केलेले समाज), तर विदर्भाच्या बहुतांश भागात अनुसूचित जाती. एकच समाज, पण जिल्हा बदलला की हक्क बदलतात. भूगोलाच्या विद्यार्थ्याने इथं थांबून लिहायला हवं. विमुक्तांच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा लागतो. ज्यांच्या आजोबांनी पालातच जन्म काढला, त्यांनी तो आणायचा कुठून? ही अडचण अहवालात लिहाच.

नकाशात मात्र पालाची नेमकी जागा दाखवू नका, तालुक्याच्या नावावर थांबा. गायरानात बसलेल्या कुटुंबाला त्या ठिपक्यापायी उठवलं जाऊ शकतं.