न दिसणाऱ्या कामाची नोंद : दिव्यांगांच्या व्यवसाय शिक्षकांसाठी

दिव्यांगांना शिवणकाम, सुतारकाम किंवा संगणकावरील काम शिकवणाऱ्या शिक्षकाचे श्रम अनेकदा केवळ तासिकांवरून मोजले जातात. म्हणून सुधारणांची मागणी करण्यापूर्वी सलग चार आठवडे आपल्या कामाची लेखी नोंद ठेवावी.

तासिकेबाहेरची तयारी, पालकांशी बोलणे, नोकरी देऊ शकणाऱ्यांच्या भेटी हे सारे वेळेसह लिहावेच. शिवाय तासिकेत वेळ कुठे जातो तेही लिहावे. कर्णबधिर प्रशिक्षणार्थी शिलाई यंत्राची सुई आणि शिक्षकाच्या खुणा एकाच वेळी पाहू शकत नाही, त्यामुळे सांगणे आणि करून दाखवणे वेगवेगळे करावे लागते. अंध प्रशिक्षणार्थ्याला रंधा कसा धरायचा हे हातावर हात ठेवून शिकवावे लागते. आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रशिक्षणार्थ्यासाठी बटण लावण्याचे साधे कामही लहान पायऱ्यांत विभागून, चित्रांसह मांडावे लागू शकते. ही चित्रे बहुधा शिक्षक घरी बसूनच काढतो. नोंदीत प्रशिक्षणार्थ्यांची नावे किंवा वैद्यकीय तपशील मात्र लिहू नयेत.

सुरक्षिततेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिक्षकाचे दोन्ही हात एका प्रशिक्षणार्थ्याच्या हातांवर असतात, तेव्हा चालू यंत्रांपाशी असलेल्या इतरांकडे लक्ष देणारे कोणी नसते. अशा वेळा मोजाव्यात आणि त्यांच्या आधारे गटाची संख्या कमी करण्याची किंवा मदतनीस देण्याची मागणी करावी. चाकाच्या खुर्चीतून कोणालाही एकट्याने उचलू नये. यात शिक्षकाच्या पाठीला इजा होण्याचा आणि प्रशिक्षणार्थी पडण्याचा, असे दोन्ही धोके असतात.

अर्ज एका पानाचा असावा. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६६च्या शिफारशीत शिक्षकांचे तास ठरवताना विद्यार्थिसंख्या आणि पूर्वतयारीचा वेळ विचारात घ्यावा असे म्हटले आहे, तर कामगार संघटनेच्या १९८३च्या १५९ क्रमांकाच्या करारात दिव्यांगांच्या व्यवसाय प्रशिक्षणासाठी योग्य पात्रतेचे कर्मचारी उपलब्ध करण्याचे उद्दिष्ट आहे; या दोन्हींचा उल्लेख करावा. भाषेबाबत विशेष दक्ष राहावे: ‘हे विद्यार्थी सांभाळणे कठीण आहे’ असे लिहिल्यास दोष त्यांच्यावर जातो आणि प्रवेशच कमी होण्याची भीती असते, म्हणून ‘या कामाला दोन व्यक्ती लागतात’ असे लिहावे. शक्यतो सहकाऱ्यांसह सही करून अर्ज द्यावा, तारखेसह पोच घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत नोंद चालू ठेवावी.