पाठ्यपुस्तकाचं क्रिटिकल विश्लेषण करणाऱ्या एम.एड.वाल्यांसाठी, खास करून आपल्या खान्देशातल्या

डिझर्टेशनला क्रिटिकल लिटरसी (मजकुरामागे कोणाची सत्ता आहे हे तपासत वाचणं) किंवा डीकॉलोनियल (वसाहतवादी चौकटीबाहेर पडून बघणं) असा विषय घेतलेल्यांसाठी लिहितेय. व्याख्या तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही. ब्राझीलचा शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरे सगळेच वाचतात, पण त्याआधी जोतीराव फुल्यांनी १८८२ ला हंटर कमिशनला, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगाला, दिलेलं निवेदन वाचा. सारा भरतो शेतकरी आणि शिकतात वरच्या जातींची पोरं, हे त्यात सरळ मांडलंय.

आता मेन गोष्ट. "लेखक इंग्रज, म्हणून मजकूर वसाहतवादी" एवढ्यावर विश्लेषण संपवू नका. मी पण यातच खूप दिवस अडकून पडले होते म्हणून जरा लांबण लावते. १८८० चं खान्देश गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, काढा. १८१८ ला कंपनीचं राज्य आलं, भिल्लांचा उपद्रव होता, १८२५ ला आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली आणि शांतता झाली, असा तो सगळा क्रम. मग आपल्याकडचं स्थानिक इतिहासावरचं एखादं मराठी पुस्तक शेजारी ठेवा. बऱ्याचदा क्रम तोच दिसेल, गोष्ट लुटीपासूनच सुरू होणार. पण त्याच्या आधी काय होतं? गावांकडून मिळणारे हक्क होते, घाटांची राखण होती. आणि हे हक्कांचं सगळं त्याच गॅझेटियरमध्ये सापडतं, म्हणून ते फेकूनही द्यायचं नाही. खाज्या नाईक सेंधवा घाटाची राखण करणारा माणूस, तो १८५७ ला का उठला हे एकाने "लुटारू" म्हणून टाळलं आणि दुसऱ्याने "क्रांतिवीर" म्हणून टाळलं, तर तुमच्या कामासाठी दोन्ही मजकूर सारखेच तपासायचे.

वाक्य घेऊन बसा. "भिल्लांचा बंदोबस्त करण्यात आला." कोणी केला? कशासाठी? भिल्ल या वाक्यात स्वतः काही करतात का? वहीत तीन रकाने आखा: करणारा कोण, कोणावर, कोण गायब. सीनियरकडून आयती कोडिंग शीट (असे रकाने आधीच ठरवलेला तक्ता) घेऊ नका, स्पष्ट सांगते, व्हायव्हात म्हणजे तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला तोंडघशी पडाल. गाईड नावाजलेला नसला तरी चालेल, तुमची दोन पानं पेन घेऊन वाचणारा पाहिजे.

पण घाबरून विषय बदलू नका हं. दोन पाठ नीट केले तरी काम उभं राहतं, वीस पाठ वरवर केलेले कोणी वाचत नाही.

वर्गात जाणार असाल तर अहिराणीचं बघा. पोरगं म्हणतं "मना बाप वावरमा शे" आणि सर लगेच "माझे वडील शेतात आहेत" असं म्हणायला लावतात, की मग ते पोरगं पाठाबद्दल पुढे काही बोलतच नाही. त्यामुळे "या पाठात तुझ्या घरचं कोण दिसतं?" हा प्रश्न अहिराणीत विचारा, नंदुरबारकडे भिली, पावरी बोलणारं कोणी सोबत घ्या. उत्तरं आहेत तशी लिहून घ्या, प्रमाण मराठीत नंतर बघू.

आणि शाळेत जाण्यासाठी परवानगीचं पत्र जूनमध्येच टाका. दिवाळीच्या सुमारास बरीच कुटुंबं ऊसतोडीला निघतात, पोरंही जातात, आणि तुम्हाला ज्यांच्याशी बोलायचं होतं नेमकी तीच वर्गात नसतात.