छेदात काय आहे?

वीजजाळ्याचं कार्बन उत्सर्जन मोजायच्या कामाला लागलो तेव्हा सूत्र एका ओळीचं वाटलं होतं. जळालेलं इंधन घ्या, उत्सर्जन गुणांकाने (ठरावीक उष्णतेमागे किती कार्बन डायऑक्साइड निघतो त्या आकड्याने) गुणा, तयार झालेल्या विजेने भागा. माझे पहिले काही महिने त्या एका ओळीतच गेले. अंश कसाबसा जमतो, घोळ असतो तो छेदात.

नव्याने येणाऱ्यांना मी आधी हातानं एक गणित करायला सांगतो. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) २००६ च्या मार्गदर्शिकेत बिटुमिनस कोळशाचा गुणांक दर गिगाज्यूलला ९४.६ किलो कार्बन डायऑक्साइड आहे, नैसर्गिक वायूचा ५६.१. वीजकेंद्राची कार्यक्षमता ३६ टक्के असेल तर एका युनिटला १० मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे कोळशातून ९४६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो.

पण कुठल्या युनिटमागे? जनित्राच्या टोकाशी मोजलेल्या. त्यातली समजा ७ टक्के वीज केंद्राचे पंखे, पंप आणि कोळसा दळायच्या गिरण्याच खातात. बाहेर पडणाऱ्या युनिटमागे आकडा झाला १०१७. आता जाळ्यात अशी ६० युनिटं कोळशाची आणि ४० वाऱ्याची धरा. सरासरी ६१०. तारांमध्ये आणि रोहित्रांत १० टक्के गेली, तर ग्राहकाच्या मीटरपाशी ६७८. कोळसा तेवढाच जळालाय, धूर तेवढाच आहे, तरी प्रत्येक टप्प्यावर उत्तर वेगळं. म्हणून कुणी ‘आमच्या ग्रिडची तीव्रता (युनिटमागचं उत्सर्जन) अमुक’ म्हणालं की मी आधी विचारतो, मोजलं कुठे?

माझी पहिली मोठी चूक मात्र अंशातच झाली. एका वायुकेंद्राचा आकडा अपेक्षेपेक्षा दहाएक टक्के जास्त येत होता. दोन दिवस मी इंधनाच्या नोंदी तपासत बसलो. वरिष्ठांनी एकच प्रश्न विचारला, “हीट रेट जीसीव्हीवर आहे की एनसीव्हीवर?” हीट रेट म्हणजे एका युनिटला लागणारी उष्णता. जीसीव्हीवर ती मोजताना धुरातल्या वाफेत अडकलेली उष्णताही धरतात, एनसीव्हीवर धरत नाहीत. आयपीसीसीचे गुणांक एनसीव्हीवर असतात आणि केंद्राने हीट रेट जीसीव्हीवर दिला होता. वायूच्या बाबतीत या दोहोंत साधारण दहा टक्क्यांचा फरक पडतो. माझं भूत तेच.

दुसरी गल्लत चिमणीतून निघणारं आणि जीवनचक्रातलं (यंत्रं बनवण्यापासून मोडीत काढेपर्यंतचं) उत्सर्जन एकाच तक्त्यात कोंबण्याची. वर मी चिमणीचा हिशोब केला, म्हणून वारा शून्य धरला. आयपीसीसीच्या २०१४ च्या अहवालात जमिनीवरच्या पवनऊर्जेचा जीवनचक्रातला मध्यक दर युनिटला ११ ग्रॅम आहे, मोठ्या सौर प्रकल्पांचा ४८. दोन्ही पद्धती योग्यच आहेत, फक्त त्यांची खिचडी करू नका.

सरासरी आणि सीमान्त (फक्त वाढीव मागणीमुळे होणाऱ्या उत्सर्जनाच्या) गुणांकाचा भेद समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. गेल्या वर्षीच्या वापराचा हिशोब मांडायचा तर सरासरी चालते. पण मोटारी रात्री चार्ज केल्या तर उत्सर्जन किती बदलेल, हा प्रश्न वेगळा. त्या वाढीव मागणीसाठी कोणतं केंद्र वर चढतं, ते पाहावं लागतं. वाऱ्याने भरलेल्या जाळ्यातही ते कोळशाचं असू शकतं. उलट वारा असूनही टर्बाइन थांबवावे लागत असतील, तर तीच वाढीव मागणी जवळपास फुकटात भागते.

‘कमी कार्बन कामगिरी’चे निर्देशांक याच्या पुढचे. स्वच्छ विजेचा वाटा, तारांमधली हानी, वाया घालवलेला वारा, स्विचगिअरमधून (वीजप्रवाह जोडण्या-तोडण्याच्या उपकरणांतून) गळणारा एसएफ६ वायू (आयपीसीसीच्या पाचव्या अहवालानुसार शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या २३,५०० पट तापवणारा) असं सगळं भारांक देऊन एका गुणात बसवतात. मला हा एकच गुण आवडत नाही. भारांक थोडे हलवले की क्रमवारी उलटते. शिवाय भरपूर पावसाच्या वर्षी जलविद्युत वाढते आणि कुणी काही न करताच ग्रिड ‘सुधारतं’. तुलना करायचीच तर बरीच वर्षं शेजारी मांडा आणि प्रत्येक घटक सुटा दाखवा.

शिकायचं काय? लोड फ्लो (जाळ्यात कुठून किती वीज वाहते त्याचं गणित) समजण्याइतकी वीज अभियांत्रिकी, थोडं पायथॉन प्रोग्रॅमिंग आणि एककांबद्दलचा संशयी स्वभाव. तासागणिक माहिती हाती आली की आधी सौर उत्पादनाचा आलेख काढा. मला एकदा भल्या पहाटे कडक ऊन पडलेलं दिसलं होतं. वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, नोंदवलेल्या होत्या.