पेडलची शिट्टी कशी गेली

गिटारचा आवाज बदलणारी चार पेडल, 9 व्होल्टचा एकच अडॅप्टर आणि एका पेडलवरून दुसऱ्याला वीज देत जाणारी साखळीसारखी वायर. गिटारला हात न लावताही अँपमधून (अँप्लिफायरमधून) बारीक शिट्टी यायची. आधी घरच्या अर्थिंगला शिव्या घालून झाल्या. मग एकेक पेडल बॅटरीवर लावलं (नुसता प्लग काढला तर बफरवाल्या, म्हणजे बंद असतानाही सिग्नल आपल्या सर्किटमधून नेणाऱ्या, पेडलमधून सिग्नलच जात नाही). डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) बॅटरीवर गेला आणि सगळं चिडीचूप! त्याच्या क्लॉकचा (आतल्या चिपला ताल देणाऱ्या ठोक्यांचा) आवाज सामायिक ग्राउंडवरून, म्हणजे सगळ्यांच्या एकाच परतीच्या तारेवरून, पसरत होता; आवाज खरखरीत करणारं डिस्टॉर्शन पेडल तो फुगवत होतं.

शेवटी आयसोलेटेड आउटपुटचा, म्हणजे प्रत्येक पेडलला एकमेकांपासून वेगळी वीज देणारा, सप्लाय घेतला. खिसा चांगलाच हलका झाला. डिलेला 300 मिलिअँपिअरचं आउटपुट, बाकीच्यांना 100 पुरतात. जर्मेनियम फझ (जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं, आवाज फाटका करणारं पेडल) पॉझिटिव्ह ग्राउंडचा, म्हणजे इतरांचं ग्राउंड निगेटिव्हला तर याचं पॉझिटिव्हला; साखळीत लावला असता तर सप्लाय शॉर्टच. त्याला स्वतंत्र आउटपुट दिलंय, उलट्या पोलॅरिटीच्या वायरने.