मेफ्लॉवरवरच्या माणसाचं घराणं कसं शोधायचं: सुरुवात बायकोपासून करा

माझी भाची बॉस्टनजवळ शाळेत आहे, तिला प्रोजेक्ट आला, 1620 मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत आलेल्या मेफ्लॉवर जहाजातल्या एका माणसाचं आयुष्य आणि कुटुंब लिहून आणा. तिने जॉन हाउलंड निवडला, कारण तो वादळात समुद्रात पडला आणि जहाजावरून खाली लोंबणाऱ्या शिडाच्या दोरीला धरून वाचला ही गोष्ट तिला जाम आवडली. मी इकडून व्हिडिओ कॉलवर मदत करत होते, आठवडाभराचं काम म्हणून हातात घेतलं आणि दोन महिने कधी गेले कळलं नाही. त्यात जे शिकले ते लिहितेय, आणि उदाहरण हाउलंडचंच घेते म्हणजे नीट कळेल.

पहिली गोष्ट, वेबवर तयार वंशवृक्ष दिसला की लगेच उतरवून घेऊ नका. आम्ही तेच केलं आणि पहिल्याच दिवशी फसलो. एका झाडात हाउलंडची बायको एलिझाबेथ ही या लोकांनी वसवलेल्या प्लिमथ वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याची नात म्हणून लावलेली. दिसायला अगदी बरोबर वाटतं, कारण हाउलंड कार्व्हरकडेच नोकर म्हणून आला होता आणि कार्व्हर नवरा-बायको दोघंही 1621 मध्येच वारले. हाउलंडांच्या वंशजांमध्येही पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आले. पण कार्व्हरनंतरचा प्लिमथचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने स्वतःच्या हाताने लिहिलेली हकीकत मधल्या काळात हरवली होती, ती 1850 च्या दशकात लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडली, 1856 मध्ये छापली गेली, आणि त्यात स्वच्छ लिहिलंय की हाउलंडने त्याच जहाजातल्या जॉन टिलीच्या मुलीशी लग्न केलं. म्हणजे कितीही जणांनी कितीही वर्षं सांगितलेलं असो, त्या काळात त्या गावात राहणाऱ्याने लिहिलेला कागद आधी बघायचा.

आता मुद्द्याचं. सुरुवात बायकोपासून करा, मी हे मनापासून सांगतेय. मेफ्लॉवर करारावर, म्हणजे वसाहतीचा कारभार मिळून चालवू असं या लोकांनी लिहून दिलं त्या कागदावर, 41 सह्या आहेत, सगळ्या पुरुषांच्या, त्यामुळे तिथून शोधायला लागलात तर एलिझाबेथ तुम्हाला दिसणारच नाही. आपल्याकडच्या जुन्या कुलवृत्तांतात सुनेचं माहेर शोधताना जशी दमछाक होते ना, तसंच. पण तिच्या बाजूने गेलात की दार उघडतं: इंग्लंडमध्ये बेडफर्डशरमधल्या हेनलो गावच्या चर्चच्या वहीत तिच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे, 30 ऑगस्ट 1607. जहाजात ती 13 वर्षांची, सोबत आई-बाप, काका-काकू. पहिल्या हिवाळ्यात जहाजावरच्या 102 प्रवाशांपैकी साधारण निम्मे गेले, त्यात हे चौघंही गेले. तेरा वर्षांची पोर, परक्या किनाऱ्यावर, घरातलं मोठं कोणी उरलं नाही. भाचीला हे वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही, तीही तेरा वर्षांचीच आहे.

मुलं किती आणि कधी झाली हे शोधायचं तर जन्माच्या नोंदीची वाट बघत बसू नका, जनावरांचे आणि जमिनीचे कागद काढा. 1627 मध्ये प्लिमथमध्ये वसाहतीची गुरं वाटली, तेरा-तेरा माणसांचे बारा गट केले आणि प्रत्येक गटातल्या सगळ्यांची नावं लिहिली, बायका आणि तान्ही पोरंसुद्धा, कारण प्रत्येकाचा वाटा होता. चौथा गट हाउलंडचा. त्यात जॉन, एलिझाबेथ, मुलगी डिझायर आणि बापाच्याच नावाचा मुलगा जॉन, म्हणजे मे 1627 पर्यंत दोन मुलं झालेली हे एका कागदात मिळालं! शेजारचे आल्डन कुटुंबही त्याच गटात. या गटाला जेकब नावाच्या जहाजातून आलेल्या चार कालवडींपैकी एक मिळाली, तिचं नावही लिहिलंय, रॅगहॉर्न. चारशे वर्षांपूर्वीच्या कालवडीचं नाव आपल्याला माहीत आहे, मला तर हे फार भारी वाटलं.

पुढे ब्रॅडफर्डने 1651 च्या सुमारास जहाजावरच्या प्रत्येक घराचं पुढे काय झालं याची यादी केली, त्यात हाउलंडांची दहाही मुलं हयात, थोरल्या मुलीला चार मुलं, दुसरीला एक. दहा आणि पाच, पंधरा. पण त्यात मुलांची नावं नाहीत, आणि इथे कामाला येतं मृत्युपत्र. हाउलंडचं 1672 चं आहे, मुलग्यांना जमिनी, सहा मुलींना प्रत्येकी वीस शिलिंग. विषमता आहेच, पण आपल्या कामासाठी सोनं आहे, कारण मुलींची नावं सासरच्या आडनावासकट येतात: डिझायर गोरहॅम, होप चिपमन, एलिझाबेथ डिकन्सन, लिडिया ब्राउन, हॅना बॉसवर्थ, रूथ कुशमन. या सहा आडनावांवरून पुढची सहा घराणी उघडतात. फक्त स्पेलिंगवर अडून बसू नका, लिहिणारा कानाला ऐकू येईल तसं लिहायचा, गोरहॅमचं गोरम झालंय, स्वान्सी गावाचं स्वान्झी. सर्चमध्ये आडनाव चार-पाच प्रकारे टाकून बघा.

तारखांमध्ये तर सगळेच आपटतात म्हणून हे नीट वाचा. तेव्हा इंग्लंडच्या मुलखात नवीन वर्ष 25 मार्चला लागायचं, हे 1752 मध्ये बदललं. त्यामुळे हाउलंड 23 फेब्रुवारी 1672 ला वारला असं प्लिमथच्या दप्तरात आहे, तर आपल्या हिशेबाने ते 1673. मृत्युपत्र मे 1672 चं आणि मृत्यू फेब्रुवारी 1672, म्हणजे मेल्यानंतर मृत्युपत्र केलं की काय असं वाटून आम्ही एक अख्खी संध्याकाळ डोकं फोडलं. जानेवारी, फेब्रुवारी आणि 24 मार्चपर्यंतची तारीख असेल तर वर्ष दोन्ही लिहायचं, 1672/73 असं.

आणि आता माझा सगळ्यात आवडता कागद, एलिझाबेथचं स्वतःचं मृत्युपत्र, डिसेंबर 1686. त्यात ती स्वतःचं वय 79 सांगते. हेनलोच्या बाप्तिस्म्यापासून मोजा, बरोब्बर 79 येतात, समुद्राच्या दोन बाजूंचे दोन कागद एकमेकांना साक्ष देतात. ताळा घेणं म्हणतात ते हेच. घाईत वाचू नका, एकेक वस्तू वाचा. थोरल्या मुलाला, जॉनला, पाच पौंड आणि बायबल इंग्रजीत आणणाऱ्या टिंडेलचं पुस्तक, जोसेफला वजनकाटा, जेबेझला पिसांची गादी आणि मोठा लोखंडी हंडा, आणि जिच्याकडे म्हातारपणी राहिली त्या लिडियाला सगळ्यात चांगली गादी, हिरवा रग, छोटं कपाट, पुस्तकं. इथे रग म्हणजे जमिनीवर टाकायचं नाही हं, त्या काळी पलंगावरच्या जाड पांघरुणाला तो शब्द होता. आणि पुस्तकं आहेत म्हणजे तिच्या घरात वाचन होतं, हे कुठल्या वंशवृक्षात सापडणार?

अजून एक, आणि हे मी भाचीला पहिल्या पानावरच लिहायला लावलं. प्लिमथ जिथे वसलं तिथे आधी पटक्सेट नावाचं, तिथल्या मूळ वाम्पानोआग लोकांचं गाव होतं, 1616 ते 1619 च्या साथीत ते ओस पडलं, म्हणून या लोकांना तयार शेतजमीन मिळाली. हाउलंडने पुढे केनेबेक नदीवरचं व्यापारी ठाणं सांभाळलं, तिथे बीव्हर या जनावराची कातडी यायची ती तिथल्या मूळ लोकांकडूनच. त्यांना वगळून या कुटुंबाचं पोट कसं भरलं हे सांगताच येत नाही, तेव्हा ते पान ठेवाच.

कबर शोधायची असेल तर जुना नकाशा हाताशी ठेवा. हाउलंडचा दगड प्लिमथच्या बरियल हिलवर आहे, पण एलिझाबेथ तिथे नाही. ती 1687 च्या डिसेंबरात स्वान्सीत लिडियाकडे वारली. स्वान्सी तेव्हा प्लिमथ वसाहतीत होतं, नंतर सीमा हलल्या, आणि तिची दफनभूमी आज ऱ्होड आयलंडमधल्या ईस्ट प्रॉव्हिडन्सला येते. प्लिमथ आज मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे म्हणून त्याच्याच यादीत शोधत बसलात तर ती मिळणार नाही.