आजार उलटेल का, या भीतीसोबत कसं राहायचं

मागच्या सोयाबीन काढणीनंतर माझी पाठ धरली. डाव्या अंगाला, बरगडीच्या खाली. दुसरी कुणी असती तर बाम चोळून झोपली असती. मी रात्री तीन वाजता उठून बसले. 2015 साली स्तनाच्या कॅन्सरमुळं माझा डावा स्तन काढला, आणि हा आजार उलटला तर हाडात जाऊ शकतो, हे मला पक्कं माहीत आहे.

मी औशात ब्लाऊज शिवते. उपचार बार्शीला झाले: ऑपरेशन, केमो, लाईट म्हणजे रेडिएशन, मग रोजची गोळी. शेवटच्या लाईटच्या दिवशी सगळे म्हणाले, सुटलीस. भीती मागं राहते, हे कुणी सांगितलं नाही.

नवीन दुखणं आलं की मी ते कॅलेंडरवर लिहिते. कुठं दुखतं, वाकल्यावर की पडल्यापडल्या, रात्री झोप मोडते का. मग दोन आठवडे मोजते. कामाचं दुखणं विसाव्यानं उतरतं. उतरलं नाही, वाढत गेलं किंवा रात्री जागं करायला लागलं, तर बार्शी गाठायची. पाठ अकराव्या दिवशी सुटली.

काही गोष्टींना मात्र दोन आठवडेही द्यायचे नाहीत. टाक्याच्या जागी, काखेत किंवा गळ्याच्या हाडाजवळ गाठ, धाप लागणं, डोळे पिवळे होणं, डोकेदुखीसोबत उलट्या, यांत लगेच दाखवा. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी. हटणारच नाही असा कोरडा खोकला आणि कारण नसताना उतरणारं वजनही अंगावर काढू नका.

पहिली दोन वर्षं मी दिवसातून दहा वेळा चाचपून बघायची. दाबून दाबून जागा दुखायला लागायची, आणि दुखतंय म्हणून पुन्हा भीती. आता महिन्यातून एकदा, दुकान बंद असतं त्या पहिल्या सोमवारी, न्हाताना. त्याच दिवशी टेपनं दोन्ही दंड मोजते, कोपराच्या वर दहा सेंटिमीटरवर. काखेतल्या गाठी काढल्या की हाताला सूज येऊ शकते. ती आली म्हणजे आजारच उलटला असं नसतं, पण दोन सेंटिमीटरचा फरक दिसला की डॉक्टरांना दाखवायचं.

एक चूक सांगते. गल्लीतली एक बाई याच आजारानं गेली. मी घाबरून, कुणाला न विचारता, अख्ख्या अंगाच्या तपासणीचं पॅकेज केलं. यकृतावर डाग निघाला. पुन्हा स्कॅन, पुन्हा पैसे, महिनाभर घशाखाली घास नाही. शेवटी निघाली पाण्याची साधी गाठ. माझ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आपल्या आजारात पाच वर्षं उलटल्यावर त्रास काही नसेल तर वर्षाला तपासणी आणि दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, पुरते. दरवर्षी पेट स्कॅन आणि रक्तातले मार्कर करून आयुष्य वाढत नाही. तुमचा आजार वेगळा असेल तर हिशेबही वेगळा, म्हणून आपल्याच डॉक्टरांना विचारा. आणि गोळी चालू असेल तर मनानं बंद करू नका.

माझं माहेर किल्लारीजवळ. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. त्यानंतर कितीतरी महिने माय घरात झोपली नाही. पुढं झोपायला लागली, पण कडी लावायची नाही. आजही जमीन गुरगुरली की ती उठते आणि आधी फळीवरची भांडी वाजली का ते बघते. वाजली नसतील तर परत पडते. मी कॅलेंडर धरते ते तिचं बघूनच.

माझी वर्षाची तारीख डिसेंबरात असते. पंधरा दिवस आधीपासून हात थरथरतो. म्हणून त्या दिवसांत मी कापड बेतत नाही, फॉल-पिकोचंच काम घेते, कारण कात्री चुकली की कापड गेलं. तारीख शक्यतो वेळ अमावस्येच्या, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या सणाच्या, आधी घेते. नाहीतर शेतात सगळे भज्जी-आंबिल खात असतात आणि माझं मन रिपोर्टात अडकलेलं असतं.

घरच्यांना एकच विनंती, “काही होत नाही, मनातून काढून टाक” असं म्हणू नका. माझ्या जाऊबाई तसं म्हणत नाहीत. त्या विचारतात, “कितवा दिवस हाय?” मी म्हणते, सहावा. “बरं, मी मोजलाले.” तेवढ्यानं पाठीवरचं ओझं अर्धं होतं.

जिच्या घरी अशी जाऊ नाही, तिनं 14416 लावावा. टेली मानसचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, रात्री तीनलाही लागतो आणि मराठीत बोलता येतं. झोप, जेवण, काम आठवड्यांमागून आठवडे बिघडलं असेल तर पुढच्या तपासणीत तेही डॉक्टरांना सांगा. मी चार वर्षं सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर मॅडमनी फाईल बाजूला ठेवली आणि खुर्ची जवळ ओढली.